ओट्याची उंची

पत्र :

ताई, मी ६४ वर्षांची, हे ६८. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. हे अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. दोन्ही मुलं पुण्यात. दिवाळीनंतर यांनी मला एका शब्दानं न विचारता एक एफडी मोडली आणि छोटा ट्रेलर आणला. गाडीच्या मागे जोडायचा, आत दोघांपुरतं अंथरूण, मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाची जागा. बोलेरोला हुक बसवून घेतला. आतलं सुतारकाम स्वतः करतात, सकाळपासून तेच. म्हणतात, आता दर महिन्याला आठ दिवस बाहेर. मला गुडघ्यांचा त्रास, रात्री दोनदा उठावं लागतं. यांना शुगर. चांगलं घर असताना रस्त्याच्या कडेला झोपायचं? लोक काय म्हणतील? मुलगा म्हणतो, बाबांना आवर. परवा मी पोळ्या करत होते तर टेप घेऊन आले, माझ्या कोपराची उंची मोजली आणि काही न बोलता निघून गेले. इतकं डोकं फिरलंय. मी मंडळाच्या बायकांबरोबर एसटीनं अर्ध्या तिकिटात वणीला जाऊन येते, त्यातच मला सुख आहे. आता मी अडून बसू, की मुकाट्यानं मागं जाऊ?
– एक गृहिणी

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या टेपपाशी थांबले.

पोळी लाटताना ओटा कोपरापेक्षा चार बोटं खाली असला तर खांदे उचलावे लागत नाहीत, पाठही भरून येत नाही. बहुतेक घरांत ओटा गवंड्याच्या सवयीनं होतो, बाईच्या उंचीनं नाही. तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा तरी कुणी तुम्हाला उभं करून मोजला होता का? टूलरूममधला माणूस मोजल्याशिवाय कापत नाही, आणि या माणसानं फळी कापायच्या आधी तुमचा कोपर मोजला. डोकं फिरलेला माणूस असं करत नाही. त्यांना तुम्ही तिथे हव्या आहात.

पण त्याच टेपमधून दुसरंही दिसतं, ते मी झाकणार नाही. माप तुमचं घेतलं, म्हणजे तिथेही पोळ्या तुम्हीच करायच्या हे ठरवूनच घेतलं. जायचं की नाही हे विचारलं नाही, कोण रांधणार हेही विचारलं नाही. तुम्ही गुडघे, शुगर, लोक, मुलगा अशी चार कारणं लिहिलीत. मला वाटतं, खरा सल पत्राच्या शेवटच्या दोन शब्दांत आहे : ‘मागं जाऊ’. इतकी वर्षं मागं गेलात. आता साठीनंतर वणीच्या एसटीत स्वतःची एक खिडकी मिळाली आहे, ती कुणी काढून घेईल ही भीती आहे. ही भीती खरी आहे आणि तुम्ही ती यांच्यासमोर अशीच्या अशी बोलून दाखवावी असं मला वाटतं. गुडघ्याचं कारण पुढे केलंत तर हे गुडघ्याचा पट्टा आणतील.

एफडीबद्दल आधी बोला, ट्रेलरबद्दल नंतर. न विचारता मोडली ही चूक आहे, तिला दुसरं नाव नाही. त्यांनी ती कबूल करावी. एवढ्यावर थांबू नका. उरलेल्या ठेवींचे कागद दोघांनी एका संध्याकाळी टेबलावर मांडा, दवाखान्यासाठी एक रक्कम वेगळी काढा, तिला हात लावायचा तर दोघांच्या सहीनं. हे झाल्याशिवाय मुक्कामाची तारीख ठरवू नका. हवं तर याला अडून बसणं म्हणा.

आता ट्रेलर. माझ्या धाकट्या दिराकडे असाच लहान ट्रेलर आहे. त्याच्याबरोबर आम्ही दोघांनी काही मुक्काम केले आहेत, म्हणून थोडं अनुभवाचं सांगते.

तुमच्या यांनी एक गोष्ट तुम्हाला सांगितली नसेल, कदाचित त्यांच्याही ध्यानात आली नसेल. ट्रेलरचा तोल सामान कुठे ठेवलंय त्यावर असतो. जड सामान चाकांच्या वर किंवा जरा पुढे हवं, म्हणजे एकूण वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या हुकावर येतो. भरलेला ट्रेलर ६०० किलोचा असेल तर हुकावर ६० किलोच्या आसपास. वजन मागे गेलं की हुकावरचा भार हलका होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो. आणि तुमच्या ट्रेलरमध्ये स्वयंपाकघर कुठे आहे? अगदी मागे. कुकर, पिठाचा डबा, पाण्याचे कॅन, सगळं तिथे भरलं की झालंच. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो. भरताना हात तुमचा असणार, म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावर शेजारून ट्रक गेल्यावर ट्रेलर सरळ राहणार की नाही, याचा निम्मा हिशेब तुमच्या हातात आहे. म्हणून ट्रेलर कसा भरायचा हे तुम्ही शिकून घ्या, आणि जिथे तुम्हाला पटत नाही तिथे भरू देऊ नका. एवढं करूनही तो कधी डुलायला लागलाच, तर ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. हे तुम्हा दोघांनाही पाठ हवं.

दोघांना म्हणाले, कारण तुम्हीही गाडी चालवावी असं माझं म्हणणं आहे. लायसन्स असेल तर ते चालू आहे का ते काढून बघा. नसेल तर काढा, चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, एवढंच. पंचावन्न ओलांडल्यावर दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं, तेव्हा यांच्याही कागदावरची तारीख तपासा. ट्रेलरचीही स्वतःची नोंदणी लागते, कारण कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनात ट्रेलरही येतो. त्याचं आरसी आणि विमा बघितल्याशिवाय गल्लीबाहेर पडू नका. शुगर असलेला माणूस एकटाच चालवणार आणि शेजारी बसलेलीला गाडी हलवताही येणार नाही, हे मला अजिबात पसंत नाही. वाटेत यांना घाम सुटला, हात थरथरले, तर ग्लुकोज देऊन पुढची सूत्रं तुम्ही घ्यायची. जेवणाची वेळ चुकवायची नाही, दर दोन तासांनी थांबायचं. इन्सुलिन चालू असेल तर ते बंद गाडीच्या उन्हात राहता कामा नये.

ट्रेलर मागे घेणं हा नवरा-बायकोच्या भांडणाचा मुख्य विषय आहे, हे मी पाहिलं आहे. तो उलटा वळतो. दिरानं मला युक्ती शिकवली : स्टिअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला हात धरायचा, आणि ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात न्यायचा. मला दोन सकाळी लागल्या. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतला रिकामा रस्ता गाठा, दोन विटा ठेवा आणि आळीपाळीनं सराव करा. एक चालवणार, एक मागे उभा राहून हात दाखवणार. हात दाखवणारा आरशात दिसेनासा झाला की गाडी तिथल्या तिथे थांबली पाहिजे, हा नियम घाला. आणि मुक्कामाला पोचल्यावर आधी चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या, मगच हुक सोडायचा. हा क्रम चुकला तर ट्रेलर उतारानं निघून जातो.

गुडघ्यांचं आणि रात्रीचं. याची तुम्हाला लाज वाटत असेल तर वाटू देऊ नका, आपल्या वयाच्या सगळ्या बायकांचा तोच प्रश्न आहे आणि त्यापायी कितीतरी जणी घराबाहेर मुक्कामच करत नाहीत. यांना स्पष्ट सांगा : अंथरुणाच्या कडेला बसल्यावर माझे दोन्ही तळवे जमिनीवर टेकले पाहिजेत, नाहीतर खाली रुंद पाट हवा जो डुगडुगणार नाही, आणि दाराच्या आत धरायला दांडी हवी. कोपर मोजणाऱ्याला हे एका दुपारचं काम आहे. औषधाच्या दुकानात कमोडची घडीची खुर्ची मिळते, तिच्याभोवती लावायला उभा लहान तंबू मिळतो. रात्री अंधारात लांब जायचं नाही, संपलं.

रस्त्याच्या कडेला तर झोपायचंच नाही, त्यात मी तुमच्या बाजूनं आहे. धरणाच्या पाण्याला लागून नको, पाणी रात्रीत चढतं. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय नको. दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबक या बाजूंना कृषी पर्यटनाची घरं आहेत. फोन करून विचारायचं की आवारात एक रात्र ट्रेलर लावू द्याल का. आणि फोन तुम्ही करा, कारण पुरुष पार्किंग विचारून फोन ठेवतात. तुम्ही विचाराल : बाथरूम रात्री उघडं असतं का, वाटेत दिवा आहे का, पायऱ्या किती, कुत्रा बांधलेला असतो का. लोक काय म्हणतील याचं उत्तरही यात आलं. तुम्ही कुणाच्या तरी अंगणात विचारून, पैसे देऊन राहणार आहात. आणि २०२१ मध्ये आपल्या राज्य सरकारनंच कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हे खूळ एकट्या तुमच्या घरात शिरलेलं नाही.

मुलाला सांगा, आवरायला ते काही लहान नाहीत, कुठे आहोत ते रोज संध्याकाळी कळवू. त्यापुढे त्याच्याशी चर्चा नको.

महिन्याला आठ दिवस हे मात्र एकदम नको. पहिली रात्र आपल्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झोपा. मी मनापासून सांगते आहे. काय विसरलं, काय टोचतं, कूस कशी बदलते, हे तिथे कळेल आणि न जमलं तर जिना चढून घरी. दुसरी एक रात्र दिंडोरीकडे. ती बरी गेली तर भंडारदरा किंवा सापुतारा, दोन रात्री. पावसाळ्यात कसारा घाट आणि इगतपुरीचं धुकं टाळा, सिंहस्थाच्या गर्दीत त्र्यंबकच्या रस्त्याला वळूच नका. सप्तशृंगीच्या घाटातही ट्रेलर नेऊ नका, नांदुरीला ओळखीच्या अंगणात सोडून वर जा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे चांगले महिने.

आणि आठवड्याला निदान दोन वेळचा स्वयंपाक यांच्याकडे. ओट्याच्या उंचीचं कारण सांगितलं तर म्हणा, मग तुमचंही माप घ्या, दोन फळ्या लावा. माझे दीर उकडलेली अंडी आणि मुगाची खिचडी करतात, तेवढी पुरते.

वणीची तारीख ठरली असेल तर ती आधी कॅलेंडरवर लिहा, त्या दिवशी ट्रेलर घरी राहील. अर्ध्या तिकिटाची ती खिडकी सोडायची नाही. ट्रेलरच्या पहिल्या दोन रात्री झाल्यावर तुम्हाला नाही आवडलं, तर नाही म्हणायचा हक्क तुमचाच. मग यांनी मित्राला घेऊन जावं, आणि तुम्ही फोन उचलावा. नवरा-बायकोनं सगळीकडे जोडीनंच जायला हवं असं मी मानत नाही. फक्त पार्किंगमधल्या एका रात्रीच्या आधी नाही म्हणू नका, एवढंच माझं मागणं आहे.

एक राहिलं. थंडीत जाणार असाल तर, निफाडचा पारा दरवर्षी किती खाली जातो हे तुम्हाला मी काय सांगू, माणूस सगळं घट्ट बंद करून झोपतो. आम्हीही पहिल्या रात्री तेच केलं. पहाटे छतावरून थेंब पडायला लागले. आधी वाटलं दव झिरपतंय, मग कळलं की आमच्या दोघांच्या श्वासाचीच वाफ पत्र्याला लागून पाणी झाली होती. नवऱ्याची उशी ओली, माझी शाल ओली. छताची झडप बोटभर उघडी ठेवायची, आत शेगडी किंवा हीटर पेटवायचा नाही, आणि घरची जाड गोधडी न्यायची, दोघांना दोन.