रेझिन-बाउंड स्टोन फ्लोअरिंग अंगणात आणि घरात दोन्हीकडे चालतं का?

तुम्ही विचारलंय की पोर्च, पुढचं अंगण आणि आतला व्हरांडा, सगळीकडे एकच गोट्यांचं रेझिनवालं (रेझिन म्हणजे खडे धरून ठेवणारा, वाळून घट्ट होणारा चिकट द्रव) फ्लोअरिंग टाकलं तर पावसाळ्यात टिकेल का. मी कोल्हापुरात घरी हे दोनदा करून घेतलंय, एकदा फसून आणि एकदा नीट, म्हणून सांगतो. बाहेर टिकतं. पण खाली काय आहे ते आधी बघा, वरचा दगड कुठला घ्यायचा ते नंतर.

आधी एक गोंधळ मिटवून घ्या, कारण आमच्याकडे दोन वेगळ्या कामांना सरसकट पेबल फ्लोअरिंगच म्हणतात. बाउंड म्हणजे बारीक गोटे आणि रेझिन मिक्सरमध्ये एकत्र फिरवून प्रत्येक खडा माखून घ्यायचा आणि मग तो माल थापीने पसरून दाबायचा, जाडी नुसतं चालायला 12 मिमी, गाडी येणार असेल तर 15 ते 18. खड्यांच्या मधे फटी राहतात त्यामुळे बादलीभर पाणी ओतलं की बघता बघता खाली गायब. बॉण्डेड म्हणजे जमिनीवर रेझिन फासायचं आणि वरून कच भुरभुरायची, एकच थर, पाणी खाली जात नाही आणि खडे सुटून चपलेला लागत राहतात. दर चौरस फुटावर सांगतात, त्यामुळे जाडी किती ते विचारल्याशिवाय दराला काही अर्थ नाही.

आता माझी फजिती. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पाणी मुरतं साहेब, डबकं म्हणून होणार नाही. मी खूश. मुरून पुढे जातं कुठे हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खाली आमचा जुना कोबा, त्याचा उतार घराच्या भिंतीकडे, पूर्वी पाणी दिसायचं म्हणून आम्ही खराट्याने लोटून द्यायचो, आता ते दिसेनाच. जुलैत हॉलच्या भिंतीचा रंग खालून वीतभर फुगला, पोपडा काढला तर आत प्लास्टर ओलंगच्च. मला वाटलं पाइप फुटलाय, प्लंबर दोनदा येऊन पैसे घेऊन गेला. शेवटी एका मिस्त्रीने भिंतीजवळचा कोपरा छिन्नीने उचकटला तर कोब्यावर पाणी तुंबलेलं, खड्यांच्या फटींत भरून बसलेलं.

सगळं उखडलं. कोबा परत करून उतार गेटकडे काढला आणि गेटपाशी जाळीचा चर केला. कोब्याला भोकं पाडून पाणी जमिनीत सोडा असंही एकाने सुचवलं होतं, पण आमच्याकडे खाली काळी माती, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, मग कोबा तडकणार आणि खालचा तडा जसाच्या तसा वर उमटणार. तुमच्याकडे मुरूम असेल तर भोकांचं गणित जमू शकतं. इंग्लंडमध्ये हा प्रकार घरोघरी दिसतो (बहीण असते तिकडे) त्यामागे एक कारण पाणी मुरणं हेच आहे, 2008 पासून तिथे घरापुढच्या बागेत 5 चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारं फ्लोअरिंग करून पाणी थेट रस्त्यावर सोडायचं असेल तर आधी परवानगी लागते.

दुसरी गोष्ट रेझिनची. पहिल्या वेळी एपॉक्सी प्रकारचं रेझिन वापरलं होतं, उन्हाने पिवळं पडलं. कुंड्या हलवल्या तेव्हा कळलं, कुंडीखालचे गोल अजून पांढरेशुभ्र आणि आजूबाजूला चहा सांडल्यासारखा रंग. उघड्यावर एलिफॅटिक पॉलियुरेथेन (पॉलियुरेथेन म्हणजेच पीयू) प्रकारचंच रेझिन मागा, महाग पडतं, पण ते असं पिवळं पडत नाही. नुसतं पीयू म्हणाले तर हो म्हणू नका, त्यातही पिवळं पडणारा प्रकार असतो.

आणि ओल! पीयूला पाणी लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, माल फेसाळतो, पांढरट होतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या कामाचं नावही काढू नका. गोटे धुतलेले आणि खडखडीत वाळलेले हवेत, धूळ असली की तीच रेझिन पिऊन टाकते. आमच्या पोत्यांत तळाला ओल निघाली तर मी दोन दिवस ताडपत्रीवर उन्हात पसरायला लावले, माणसं वैतागली, पण म्हटलं परत उखडायचं माझ्याच खिशातून आहे. साधारण 100 किलो खड्याला 7 किलो रेझिन आणि तेवढ्यात 15 मिमी जाडीने 4 चौरस मीटर होतं, यावरून कंजूषी चाललीय का ते ओळखता येतं. प्रत्येक घाण्याला मिक्सर तेवढीच मिनिटं फिरवायचा, नाहीतर शेड बदलते. भर मे महिन्यात दुपारी नको, थापी फिरेपर्यंत माल आवळतो.

आतलं म्हणाल तर व्हरांड्यात केलंय पण परत करणार नाही. फटींत शेवेचे तुकडे, केस, धूळ अडकते आणि झाडूने निघत नाही. वरून पारदर्शक सीलर ओतून फटी बुजवता येतात, आत करायचंच असेल तर तसंच करा. बाथरूममध्ये साबणाचा मळ बसेल, तिथे साधी खरबरीत टाइल बरी.

बाहेरसुद्धा दोन गोष्टी सांभाळा. गाडी उभी असताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नका, टायर खडे उपसतो. आणि दिवाळीत भुईनळा थेट त्यावर नको, आमच्याकडे ताटलीएवढा काळा डाग आहे. रांगोळी तर काढताच येत नाही, सगळी फटींत जाते, आईने दोन दिवस तोंड पाडलं होतं, मग दुसऱ्या वेळी दारासमोर मुद्दाम एक शहाबादी फरशी बसवून घेतली.