नोकरी शाबूत, काम मात्र हरवलं

नोकरी गेली म्हणून खचलेली माणसं समुपदेशकाकडे येतातच. हल्ली दुसरी एक तक्रार वारंवार कानावर येते: नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, पण दिवसभर जे करतो त्यात आपलं असं काही उरलेलं नाही. त्यामागोमाग प्रश्न ठरलेला. सगळं सोडून मनाजोगं काम शोधू का?

आरोग्यविम्याचे दावे तपासणाऱ्या एक बाई हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय पंचेचाळिशीच्या आसपास, अनुभव दांडगा. पूर्वी एकदा फाइल हातात आली की निकाली निघेपर्यंत ती त्यांची. डिस्चार्ज कार्डावर एक तारीख आणि औषधांच्या बिलावर दुसरी असली, की त्या थेट रुग्णालयाला फोन लावायच्या, कधी रुग्णाच्या घरच्यांशी बोलायच्या. खोटं वाटलेलं प्रकरण पुष्कळदा कुणाच्या तरी लिहिण्यातली चूक निघायचं. मग नवी संगणक प्रणाली आली. आता बहुतेक दावे तीच निकालात काढते. तिला शंका येते तेवढेच तुकडे बाईंच्या स्क्रीनवर येतात: एखादी तारीख, एखादी रक्कम, खाली दोन बटणं. दाव्याचं पुढे काय झालं, ते कळत नाही.

"मी बरोबर दाबलं की चूक, हेसुद्धा कुणी सांगत नाही हो मॅडम. तासाला किती झाले, तेवढं मात्र सांगतात."

राजीनाम्याचा मसुदा तयार होता. 'तुमची खरी आवड ओळखा' छापाच्या चाचण्याही देऊन झाल्या होत्या. एकीने लेखन सुचवलं होतं, दुसरीने बागकाम. मला हे आतला आवाज ऐकण्याचं प्रकरण फारसं पटत नाही. डोक्यावर कर्ज आणि समोर तासाचं टार्गेट असताना आतून जो आवाज येतो, तो बहुतेकदा थकव्याचा असतो. त्याला कौल समजून मोठे निर्णय घेऊ नयेत.

अशा वेळी मी समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा यांच्या कामाचा आधार घेते. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारीएंटाल गावातली कापडगिरणी बंद पडली. जवळजवळ सगळं गाव तिच्यावरच जगत होतं. याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारीच्या बारीक नोंदी ठेवल्या. हाताशी वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण घसरलं. पुरुष रस्त्याने रेंगाळत चालू लागले, अनेकांनी जवळ घड्याळ बाळगणंच सोडून दिलं. पुढे याहोडा यांनी मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सगळ्यांनी मिळून काहीतरी साधत असल्याची जाणीव, समाजातलं स्थान आणि नेमाने हाती असलेला उद्योग.

या पाचांपैकी काय उरलंय, काय गेलंय, असं बाईंना विचारलं. चार गोष्टी कमीअधिक शाबूत होत्या. गेली होती ती तिसरी. म्हणजे राजीनामा दिल्याने हरवलेली गोष्ट परत मिळणार नव्हती, उलट उरलेल्या चारही पणाला लागणार होत्या. हे कागदावर मांडल्यावर त्या बराच वेळ वाद घालत राहिल्या. ते मला बरं वाटलं. तोवर त्या माझ्या प्रत्येक वाक्याला नुसती मान डोलावत होत्या.

मग रोज रात्री दोन ओळी लिहायला सांगितल्या. आज माझ्या हातून काय पूर्ण झालं, आणि ते कुणाच्या उपयोगी पडलं? बरीच पानं कोरी आली. एका पानावर मात्र दोनाऐवजी सात-आठ ओळी होत्या. नव्याने लागलेल्या एका मुलाने विचारलं होतं, हा दावा प्रणालीने का नाकारला? बाईंनी कागदपत्रं उघडून दाखवली. एका ठिकाणी आधी दिवस मग महिना लिहिला होता, दुसऱ्या ठिकाणी उलटं. त्यामुळे भरती होण्याच्या महिनाभर आधीच शस्त्रक्रिया झाल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तशीच चूक त्या मुलाने स्वतः पकडली आणि धावत सांगायला आला.

काम अर्थपूर्ण कशामुळे वाटतं, याची १९७० च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी केलेली मांडणी इथे चपखल बसते: वेगवेगळी कौशल्यं लागणं, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं, आणि त्याचा कुणाच्या तरी आयुष्यावर परिणाम होणं. बाईंच्या वाट्याचं शेवटपर्यंत नेणंच प्रणालीने काढून घेतलं होतं. विम्यावरचं त्यांचं मन उडालेलं नव्हतं. बागकामाचा तर दुरूनही संबंध नव्हता.

आपल्या कामाला आपणच थोडा आकार द्यावा, असं अशा वेळी सुचवतात. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अभ्यासकांनी २००१ मध्ये ही कल्पना नीट मांडली. कल्पना चांगली आहे. पण 'दृष्टिकोन बदला' एवढंच सांगून माणसाला त्याच बटणांपुढे परत बसवायला तिचा वापर होतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. दृष्टिकोन बदलून दाव्याची उरलेली पानं स्क्रीनवर येत नाहीत. त्यासाठी साहेबांकडेच जावं लागतं.

बाई साहेबांकडे गेल्या. प्रणालीने चुकून नाकारलेल्या दाव्यांची यादी सोबत नेली आणि फेरविचाराला आलेले दावे पूर्ण हाताळायला मागितले. आधी नकार आला. पुढच्या तिमाहीत तक्रारी वाढल्यावर आठवड्यातले दोन दिवस ते काम मिळालं, पगार तेवढाच. सगळ्यांना एवढंही मिळत नाही. वरून दार बंदच असेल तर नोकरीत राहून दुसरीकडे अर्ज करावेत आणि मुलाखतीत नेमकं विचारावं: हे काम माझ्या हातातून कुठपर्यंत जाईल? झोप, भूक आटोक्याबाहेर गेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना भेटावं, नोकरीचं नंतर बघता येतं.

बाईंचे उरलेले तीन दिवस अजून बटणांचेच आहेत. मध्यंतरी रुग्णांना दाव्याची कागदपत्रं भरायला मदत करणाऱ्या एका संस्थेने त्यांना विचारलं. काम हवं तसं, पगार बराच कमी. गेल्या भेटीत आम्ही दोघी घरखर्चाची वही घेऊन बसलो होतो. कर्जाचे हप्ते संपायला अजून अवकाश आहे, आणि संस्था किती दिवस थांबेल ते त्या या आठवड्यात विचारणार आहेत.