परसातलं तळं आणि दगड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चोपडा): काळ्या जमिनीत १० × ७ फूट आणि ३ फूट खोल तळं खोदलं आहे. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद टाकून कडेने मोठे दगड लावायचे आहेत. कागद टिकेल का?

उत्तर: टिकेल, पण कडेखालची काळी माती काढावी लागेल. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यासोबत दगड सरकतो आणि त्याचा कोपरा कागदावर घासत राहतो. कागद वजनापेक्षा या घासण्यानेच जास्त फाटतो.

जिथे दगड बसणार तिथली दीड फूट माती काढा. सहा-सहा इंचांचे थर देत, पाणी मारून, मुरूम चोपा. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर सव्वा फूट रुंदीची पायरी ठेवा आणि तिचा उतार किंचित बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे दगड तळ्यात घसरत नाही. वर चाळलेल्या वाळूचा दोन इंच थर, त्यावर जिओटेक्स्टाईल (कागदाला जपणारं जाड कृत्रिम कापड), मग कागद, आणि दगडाच्या बुडाखाली पुन्हा जिओटेक्स्टाईलचा तुकडा. दोघांना उचलवत नाही असा दगड असेल तर कागदाखाली चार इंच काँक्रीट ओता.

कागद १८ × १५ फूट घ्या: लांबी-रुंदीत दोन्ही बाजूंची खोली आणि कडेला एकेक फूट मिळवून हे माप येतं. हा कागद ताठ असतो. दुपारच्या उन्हात पसरून मऊ झाला की घड्या नीट बसतात. त्याची कड दगडामागे उभी वर घ्या, पाण्याच्या पातळीपेक्षा किमान तीन इंच. ती आडवी सोडली तर माती पाणी ओढत राहते आणि पहिल्याच मोठ्या पावसात अंगणातला गाळ तळ्यात उतरतो.

प्रश्न (भुसावळ): तळाशी अर्धा फूट गोटे पसरले. दिसायला छान होतं, पण आता पाण्याला वास येतो आणि पहाटे मासे वर तोंड काढतात. काय करावं?

उत्तर: ते गोटे काढा. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, पालापाचोळा गोट्यांच्या फटीत उतरतो. तिथे पाणी फिरत नाही, प्राणवायू संपतो आणि कुजण्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू तयार होतो. त्यात तुमच्याकडचा उन्हाळा. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. रात्रभर मासे, शेवाळ आणि गाळातले जिवाणू तो वापरतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत अवघड असते. आजपासूनच रात्री एअर पंप चालू ठेवा आणि खाद्य निम्मं करा.

गोटे मात्र एकदम उपसू नका. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकाच वेळी पाण्यात मिसळतो आणि मासे मरू शकतात. मासे आधी तळ्यातल्याच पाण्याच्या टाकीत हलवा, एअर पंप लावा, टाकीवर जाळी टाका. गोट्यांवर उपयोगी जिवाणूही असतात; अर्धे आज, अर्धे तीन-चार आठवड्यांनी काढा. घाई नसेल तर हे काम थंडीत करावं. तळ मोकळा ठेवून महिन्यातून एकदा गाळ ओढून घेणं हीच आमची ठाम शिफारस आहे. दगडांची शोभा कडेला आणि पायरीवर पुरेशी येते.

प्रश्न (धुळे): पांढरे संगमरवरी गोटे चालतील का? बोअरचं पाणी जड आहे.

उत्तर: टाळा. संगमरवर म्हणजे चुनाच. तो पाण्याचा क्षारपणा वाढवतो किंवा टिकवून धरतो. पीएच (पाणी किती आम्ल किंवा क्षारयुक्त आहे ते सांगणारा आकडा) आणि उष्णता दोन्ही वाढले की माशांच्या मूत्रविष्ठेतला अमोनिया जास्त विषारी होतो. दगडावर व्हिनेगर टाका. फसफसला तर चुना आहे. आपला काळा दगड उत्तम. त्यातल्या पांढऱ्या गाठींपैकी काही फसफसतील, पण थोड्याशा गाठींनी बिघडत नाही. फोडलेली खडी नको, तिची धार कागद कापते. घोटलेले गोटे परवानाधारकाकडूनच घ्या. नदीपात्रातून परस्पर भरून आणणं गुन्हा आहे.

प्रश्न (शिरपूर): दगड टाकल्यावर औषधाचं प्रमाण बदलतं का?

उत्तर: हो. २८० किलो काळा दगड सुमारे १०० लिटर पाण्याची जागा घेतो. तेवढे लिटर वजा करूनच औषध मोजा.

प्रश्न (पाचोरा): दगडी धबधबा केल्यापासून पाणी रोज उतरतं. कागद फाटला असेल का?

उत्तर: आधी धबधबा तपासा. बादलीत तळ्याचंच पाणी भरून ती काठावर उन्हात ठेवा, दोन्हीकडे पातळीची खूण करा आणि पंप २४ तास बंद ठेवा. एअर पंप मात्र चालू असू द्या. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन. तळ्यात जास्त उतरलं तर कागदात भोक आहे. जिथे पातळी थांबेल त्या उंचीवर कडेने शोधा. आणि पंप चालू असतानाच पाणी कमी होत असेल, तर ते दगडांमागून, कागदाच्या बाहेर झिरपतंय. धबधब्याखाली तळ्याच्या कागदावर चढणारा स्वतंत्र तुकडा हवा, त्याच्या दोन्ही कडा सहा इंच उभ्या. फटी सिमेंटने बुजवल्या तर आठवडाभर भिजवा आणि ते पाणी टाकून द्या. ताज्या सिमेंटचा चुना पीएच इतका चढवतो की मासे जगत नाहीत. पीएच ८.५ च्या खाली आला की मगच मासे सोडा.