घरच्या लेथवर वाफेचं इंजिन बनवायचंय, बॉयलर म्हणून कुकर चालेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपडा गावात घरी लेथ आणि पिलर ड्रिल आहे, वाफेवर खरंच चालणारं छोटं इंजिन बनवून त्यावर १२ व्होल्टचा बल्ब लावायचाय, आणि बॉयलरच्या जागी घरातला कुकर वापरायचाय.

आधी कुकरचं. नको. कुकरची शिट्टी साधारण १ बारला उचलते. वाफ बाहेर घ्यायला तुम्ही त्याच नळीवर पाइप चढवणार, म्हणजे दाब आवरणारं वजनच गेलं. मागे उरतो तो वितळणारा सेफ्टी प्लग. तो शेवटचा उपाय आहे, रोज दाब सांभाळायला बनवलेला नाही. झाकणाला वेगळं भोक पाडलं तर पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यात आटे धरत नाहीत, आणि आत पाणी किती उरलं ते दिसत नाही ते नाहीच.

बल्बचंही लगेच सांगतो. १२ मिमी बोअर (सिलिंडरच्या पोकळीचा व्यास), २० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), एका बाजूने दाब घेणारं इंजिन ३०० आरपीएमला फिरलं तर पिस्टनवर जेमतेम पाऊण वॉट तयार होतो. घर्षणात त्यातला बराच जातो. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर डायनॅमो म्हणून पट्ट्याने जोडली, वेग पाचपट वाढवला, तर एक एलईडी मजेत लागेल. गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब विसरा. खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगला एके काळी वाफेची इंजिनं जुंपलेली असायची, पण त्यांचं बॉयलरघरच तुमच्या घराएवढं.

पहिल्यांदा बनवताना डुलत्या सिलिंडरचंच इंजिन घ्या. त्यात व्हॉल्व्ह, तो हलवणारं एक्सेंट्रिक, काही नसतं. सिलिंडर एका पिनवर डुलतो आणि त्याच्या सपाट तोंडातलं भोक कधी वाफेच्या भोकासमोर येतं, कधी बाहेर सोडणाऱ्या भोकासमोर. ही दोन भोकं सिलिंडर ज्या उभ्या प्लेटला टेकून डुलतो तिच्यात असतात. म्हणजे अख्खं इंजिन सिलिंडर आणि प्लेट यांच्या दोन सपाट तोंडांवर उभं आहे. ती जमली की इंजिन फिरतं. नाही जमली तर बाकी काम सोन्याचं असलं तरी फुसफुस करत बसतं.

मापं अशी धरा. सिलिंडरची पिन ते क्रँकशाफ्टचं केंद्र ५० मिमी. क्रँकचा थ्रो, म्हणजे शाफ्टच्या केंद्रापासून क्रँकपिनचं अंतर, १० मिमी (स्ट्रोकच्या निम्मा). पिनपासून सिलिंडरच्या भोकाचं अंतर १६ मिमी. सिलिंडर एका बाजूला किती डुलेल ते १० भागिले ५० वरून ठरतं, म्हणून भोक मधल्या रेषेपासून १६ × १० ÷ ५० = ३.२ मिमी सरकतं. उभ्या प्लेटवरची दोन भोकं मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना ३.२ मिमीवर हवीत आणि तिन्ही भोकं ३ मिमीची. ३.२ पेक्षा मोठं भोक मारलं की मधल्या स्थितीत वाफ सरळ एक्झॉस्टला पळते. खूप बारीक, म्हणजे २ मिमी मारलं, तर उशिरा उघडतं आणि लवकर मिटतं, मग इंजिन गुदमरतं. आणखी एक: ही दोन भोकं आडव्या सरळ रेषेवर नसतात, पिनभोवती १६ मिमी त्रिज्येच्या कमानीवर असतात. मधल्या रेषेवर १६ मोजून तिथून दोन्हीकडे सरळ ३.२ सरकलात तर भोकं ०.३ मिमी वर चढतात. एवढ्या लहान भोकाला तेवढंही जाणवतं.

म्हणून व्हर्नियरने खुणा करत बसू नका, पट्टी बनवा. २ मिमी एम.एस. (साध्या पोलादाच्या) पट्टीला पिनचं भोक, तिथून १६ मिमीवर १.५ मिमीचं भोक, आणि दुसऱ्या टोकाला क्रँकपिन बसेल अशी लांब खाच, तिन्ही एका रेषेत. पट्टी सिलिंडरच्या जागी पिनवर चढवा, खाच क्रँकपिनवर बसवा आणि क्रँक हळू फिरवा. पट्टी डावीकडे जिथे जास्तीत जास्त झुकते तिथे थांबवून १.५ मिमीच्या भोकातून ड्रिल मारा. मग उजवीकडे तसंच. नंतर दोन्ही भोकं ३ मिमी करा. क्रँकचा थ्रो १० ऐवजी ९.८ झाला असला तरी पट्टी ती चूक आपोआप सांभाळून घेते.

सिलिंडरला २५ × २० मिमीची पितळी पट्टी घ्या, लांबी ४२ मिमी. बोअर मधोमध नको. पिनच्या बाजूला भिंत ८ मिमी ठेवा, समोर ५ उरते. पिनसाठी एम४ चे आटे पाडताना ३.३ चं ड्रिल ६ मिमीच खोल जाऊ द्या, नाहीतर बोअरमध्ये फुटेल आणि ठोकळा भंगारात. बोअरला ८, मग ११, मग ११.८ चं ड्रिल आणि शेवटी १२ चा रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार), हळू वेगात, एका दमात. वरचं टोक बंद करायला ४ मिमीचं झाकण.

आता तोंड. ठोकळा फोर-जॉ चकमध्ये असा धरा की पिनची जागा बरोबर केंद्रात फिरेल. फेसिंग मारा, म्हणजे तोंड सपाट कापा, आणि ठोकळा न सोडता त्याच बांधणीत पिनचं भोक पाडा. पिन तोंडाला काटकोनात बसण्याची खात्री याशिवाय मिळत नाही. आधी फेसिंग आणि मग पिलर ड्रिलवर भोक, अशा क्रमाने गेलात तर तोंड एका कडेला टेकतं, दुसऱ्या कडेला वाफ सुटते, मग स्प्रिंग आवळली तरी उपयोग नाही. त्याच बांधणीत पिनभोवती १२ मिमी व्यासाचा, ०.३ मिमी खोल खळगा मारून ठेवा. मध्ये फुगवटा राहिला तर तो टेकत नाही.

मग जाड काचेवर ४०० चा पॉलिश पेपर, पाणी घालून, तोंड इंग्रजी आठ काढल्यासारखं फिरवा. पुढे ८०० आणि १२००. तोंडावर मार्करने रेघा मारून चार फेऱ्या फिरवल्या की कुठे घासलं जातंय ते लगेच कळतं. सगळ्या रेघा एकदम पुसल्या पाहिजेत. उभ्या प्लेटचंही तोंड असंच. व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट मात्र पितळेवर चुकूनही लावू नका. तिचे दाणे पितळेत रुततात, कितीही धुतले तरी निघत नाहीत आणि तोंड आयुष्यभर खात राहतात.

तोंड दाबून धरायला रिफिलच्या पेनातली स्प्रिंग पुरते. एवढ्या भोकावर १ बारला पाऊण न्यूटनही जोर येत नाही, त्यामुळे जड स्प्रिंग घालून फक्त घर्षण वाढतं. हलकी स्प्रिंग असण्याचा फायदा असा की सिलिंडरमध्ये पाणी साचलं तर तोंड क्षणभर उचलून ते बाहेर टाकतं. दुसऱ्या प्रकारच्या इंजिनात हेच पाणी रॉड वाकवतं.

पिस्टन गनमेटलचा (कथील मिसळलेल्या तांब्याचा), १२ मिमी लांब, बोअरपेक्षा ०.०२ ते ०.०३ मिमी कमी, अंगावर अर्धा मिमी खोल तीन खाचा. त्यात तेल राहतं. सबमर्सिबल पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे गनमेटलचे जुने बुश वजनावर मिळतात, आपल्याकडे त्यांचा तोटा नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन हवेवर झकास पळतो आणि वाफेवर अडकतो, कारण तो पितळेपेक्षा जास्त फुगतो आणि तापतोही आधी. क्रँकपिनच्या केंद्रापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत लांबी ५४ मिमी. त्यामुळे पिस्टन वर आला तरी भोक झाकत नाही.

शाफ्ट ६ मिमी, पितळी बुशमध्ये. फ्लायव्हील बिडाचं, ७५ मिमी व्यास, १२ जाड, साधारण ३८० ग्रॅम भरतं. हलकं केलंत तर इंजिन परतीच्या फेरीत मरतं, कारण त्या अर्ध्या फेरीत वाफ काहीच काम करत नाही.

इंजिन आधी हवेवर चालवा. कॉम्प्रेसर असेल तर रेग्युलेटर लावूनच, थेट ८ बार नको. बरं जमलेलं इंजिन ०.३ ते ०.५ बारला फिरायला लागतं. २ बार मागत असेल तर बॉयलरला हात लावू नका, दोष शोधा. तोंडाच्या कडेला साबणाचं पाणी लावा, फेस आला तिथून गळतंय. फेस नाही आणि तरी फिरत नाही, तर फ्लायव्हील हाताने हळू फिरवा. एकाच जागी जड लागलं तर रॉड वाकडा किंवा क्रँकपिन तिरकी. उलटं फिरलं तर काही बिघडलेलं नाही, आत-बाहेरचे पाइप अदलाबदल करा. भोकांच्या कडांना बर (ड्रिलने उठलेली धारदार कोर) राहिला असेल तर तो तासाभरात दोन्ही तोंडांवर ओरखडे पाडतो.

आता बॉयलर. ५४ मिमीची, १.२ मिमी जाड तांब्याची नळी, १५० मिमी लांब. दवाखान्यांच्या ऑक्सिजन लाइनचं काम करणाऱ्यांकडे तिचे तुकडे मिळतात. नळी स्वतः २ बारला सहज पुरते. कमजोर असतात ती दोन सपाट झाकणं. २ बारला प्रत्येक झाकणावर ४२ किलोंचा जोर येतो. म्हणून झाकणं ३ मिमी तांब्याची, कडा वळवून आत बसवलेली, आणि मधून आरपार एक ६ मिमीची गनमेटल सळई. पाणी भरायच्या, सेफ्टीच्या आणि वाफेच्या जोडण्यांचे बुश गनमेटलचेच घ्या. पितळेतलं जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जातं आणि आटे भुसभुशीत होतात.

जोड ४५ टक्के चांदीच्या, कॅडमियम नसलेल्या ब्रेझिंग सळईने. शिशाच्या सोल्डरने अजिबात नाही. ते १८३ अंशांना वितळतं. २ बारला वाफ १३३ अंशांची, म्हणजे पाणी आहे तोवर ठीक, पण पाणी संपलं की दोन मिनिटांत जोड सुटतो. फ्रीजवाल्यांची फॉस-कॉपर सळई तांब्याला तांबं छान जोडते, पण ज्योतीतल्या गंधकाने तो जोड पोखरला जातो, म्हणून चुलीवरच्या भांड्याला ती नको.

सेफ्टी व्हॉल्व्ह: ३ मिमीच्या भोकावर ५ मिमीची स्टेनलेसची गोळी आणि स्टेनलेसची स्प्रिंग. २ बारला गोळीवर जेमतेम १४४ ग्रॅमचा जोर येतो, म्हणजे स्प्रिंग नाजूकच हवी. चाचणी पाण्याने करायची: व्हॉल्व्हच्या जागी प्लग, बॉयलर काठोकाठ भरून सगळी हवा बाहेर, हातपंपाने ४ बार, अर्धा तास. हवेने कधीही नाही. पाणी दबत नाही, म्हणून जोड फुटला तर फक्त थेंब गळतात. हवेने फुटला तर तुकडे उडतात. चाचणीआधी आणि नंतर झाकणांवर पट्टी धरून बघा. फुगवटा कायम राहिला असेल तर ते झाकण बाद. मग प्रेशर गेज लावून, इंजिनकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवून, पूर्ण आच द्या. दाब २.२ बारच्या वर जाता कामा नये. कायद्याने २५ लिटरपेक्षा लहान भांडं बॉयलरमध्ये मोडत नाही, त्यामुळे तपासणीला कोणी येणार नाही. ती तुमची तुम्हालाच करायची आहे.

आत सुमारे ३०० मिली मावतं. २०० मिली भरा. इंजिनाला मिनिटाला साधारण ३ मिली पाणी लागेल, म्हणून अर्ध्या तासाने थांबायचं, १०० मिलीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने किटलीच्या तळाला जो पांढरा थर धरतो तोच इथेही धरेल, आणि आत खरवडायला हात जात नाही. आच स्पिरिटच्या दिव्याची. भर उन्हात ती ज्योत दिसत नाही, म्हणून मे महिन्यात अंगणात प्रयोग करू नका आणि पेटता दिवा पुन्हा भरायला जाऊ नका.

पहिली दोन मिनिटं इंजिन नुसतं पाणी थुंकेल. हाताने फिरवत राहा, सिलिंडर तापला की पकड घेईल. पाइप ४ मिमीचा, शक्य तितका आखूड, वरून सुती दोरी गुंडाळलेला. सिलिंडरला शिलाई मशीनचं तेल नको, ते वाफेसोबत धुऊन जातं. ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर ऑइल घ्या. शिलाईचं तेल बेअरिंगना चालेल.

दिवा विझवला की दाब शून्यावर येताच स्टॉप व्हॉल्व्ह बंद करा आणि बॉयलर कोमट असतानाच भरायचा प्लग सैल करा. तसं केलं नाही तर थंड होताना आत पोकळी तयार होते, ती इंजिनातलं काळं तेल बॉयलरमध्ये ओढते, आणि पुढच्या वेळी पाणी फेसाळून थेट सिलिंडरमध्ये येतं.