दुबईतली नोकरी सोडून राजापूरकडच्या गावी परतायचं आहे. साठवलेल्या पैशातून गरजू मुलांसाठी शाळा काढावी का?

इमारत बांधू नका. मुंबई सोडून दापोली तालुक्यात परतल्यापासून मी अशा मुलांना शाळेत आणायचं काम करतोय, म्हणून इतकं ठामपणे सांगतो. आमच्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांनी १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. तेव्हा खेड्यात शाळाच नव्हती. आज वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, पट घटल्यामुळे बाकं रिकामी आहेत, आणि त्याच गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, शाळेचं तोंड न बघितलेली मुलं आहेत.

आपण चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंब्याला येतो. मुलं गळतात ती दिवाळीनंतर. पाऊस सरला की चिरेखाणी सुरू होतात, विजापूरकडची कुटुंबं खाणीवरच्या खोपटांत येऊन राहतात. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात. आपल्याकडचे कातकरी मात्र उलट बाहेर पडतात, वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर. आईबाप दोघंही कामावर, म्हणून आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर खोपटात. तिला शाळेत आणायचं तर आधी त्या धाकट्याला अंगणवाडीत बसवावं लागतं, खाणमालकाशी बोलावं लागतं, सकाळी तिला न्यायला कुणीतरी जावं लागतं. जूनमध्ये वह्या वाटून हे होत नाही. दिवाळी ते मे गावात राहणारं माणूस लागतं, म्हणून तुमच्या पैशापेक्षा तुमचं येणं मला मोलाचं वाटतं.

कायदा भक्कम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून मुलाला अडवता येत नाही, आणि वयानुसार वर्ग मिळतो. तरी एका शाळेत आम्हाला ‘दाखला आणा, मग बघू’ असं ऐकावं लागलं. कलम ५ आणि १४ छापून टेबलावर ठेवल्यावर नावं पटावर चढली. कातकरी कुटुंब हलायच्या आधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड भरून घ्या, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत मूल बसू शकतं.

भाषेचं कोडं मात्र कायद्याने सुटत नाही. घरी कन्नड किंवा लमाणी बोलणारं मूल मराठी वर्गात गप्प बसतं. आमच्या इथल्या बाईंनी सुरुवातीचे कितीतरी दिवस पुस्तक बाजूला ठेवलं, खाणीवरच्या वस्तूंची नावं मुलांकडूनच शिकून घेतली आणि मग त्यांची मराठी नावं दिली. अशा बाई गावात असतील तर त्यांना जपा.

पैसा खर्चायचाच तर आठवीनंतर खर्चा. तिथे मोफत शिक्षणाची हमी संपते, पोषण आहार संपतो आणि हायस्कूल दूरच्या गावात असतं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मुलांना वडापच्या जीपचं भाडं परवडत नाही. आठवीतल्या हुशार मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो काढायला तालुक्याला गेलं की बापाची दिवसाची मजुरी बुडते. एवढ्यावरून फॉर्म राहतात. आलात की पहिल्याच वर्षी आठवीच्या पालकांचे कागद गोळा करा आणि सेतू केंद्राच्या रांगेत तुम्ही उभे राहा.