अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा कट-ऑफ किती असतो?

मुलगी पुण्यात अकरावी सायन्सला आहे, दहावीला 94 टक्के होते, पुढे फिजिक्स करायचंय. कट-ऑफ किती लागतो आणि एसएटी (अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) द्यावीच लागते का, असं तुम्ही विचारलंय.

कट-ऑफ नसतो. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणारं, कला आणि विज्ञान दोन्ही असलेलं लहान कॉलेज. मी मिडवेस्टमधल्या अशाच एका लहान कॉलेजात शिकलो आणि नंतर तिथे अर्ज करणाऱ्या भारतीय मुलांशी माजी विद्यार्थी म्हणून बोलत आलोय. तेवढ्या अनुभवावरून सांगतो: टक्क्यांच्या आधी घरात पैशांचं बोलून घ्या.

नावात ‘आर्ट्स’ आहे म्हणून फिजिक्सची काळजी करू नका. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस 1949 साली आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजातून फिजिक्स आणि गणित घेऊनच बाहेर पडले. पुढे ते कॉलेजाचे विश्वस्त झाले, इंटेल सुरू होत असताना कॉलेजाने तिच्यात पैसे घातले, आणि आज जेमतेम 1,700 विद्यार्थ्यांच्या या कॉलेजाची गंगाजळी दोन अब्ज डॉलरच्या वर आहे. हे मुद्दाम सांगितलं, कारण परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारी मदत बहुतेक अशाच गंगाजळीतून येते. नावाजलेल्या कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासकट खर्च आता वर्षाला 80 हजार डॉलरच्या पुढे गेलाय, म्हणजे 70 लाख रुपयांच्या घरात. चार वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

अमेरिकन मुलांचे अर्ज बरीच श्रीमंत कॉलेजं ऐपत न बघता वाचतात. परदेशी मुलांच्या बाबतीत इतका उदारपणा फार थोड्या ठिकाणी आहे. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडिन ही त्यातली दोन. बाकी बहुतेक ‘नीड-अवेअर’ असतात, म्हणजे तुम्ही किती मदत मागताय हे निवडीच्या वेळी बघितलं जातं. स्वॉर्थमोरसारखं कॉलेज एकदा घेतलं की गरजेइतकी पूर्ण मदत करतं, पण घ्यायचं की नाही ठरवताना तो आकडा समोर असतो. त्यामुळे सारख्याच मार्कांच्या दोन मुलींपैकी पूर्ण फी भरणारीला दार थोडं जास्त उघडं असतं. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

म्हणून ‘आधी आत तर शिरू, मदतीचं मग बघू’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येणार नाही, असा नियम बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांना लागू असतो. मदतीसाठी अनेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात पगार, बचत, घर, कर्ज सगळं सांगावं लागतं. आणि ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज (मुदत साधारण नोव्हेंबरात) म्हणजे निवड झाली तर तिथेच येईन असा शब्द देणं. मदत पुरेशी नसेल तर त्यातून सुटता येतं, पण दोन कॉलेजांच्या ऑफर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

आता निवडीबद्दल. वर्षाला चार-पाचशे मुलं घ्यायची, त्यात संघांना खेळाडू हवेत, ऑर्केस्ट्रात वाजवणारे हवेत, ओस पडत चाललेल्या विभागांना विद्यार्थी हवेत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं मापही मिळत आलंय. अ‍ॅमहर्स्टने ते 2021 साली बंद केलं. अशा जुळवाजुळवीत 94 आणि 96 टक्क्यांत कुणी फरक करत बसत नाही. नववीपासूनचे मार्क बघतात, पण त्याच्या जोडीला 650 शब्दांपर्यंतचा निबंध आणि शिक्षकांची पत्रंही वाचतात.

आपली मुलं अडतात ती या पत्रांपाशी. शाळा दहावीला सुटते, ज्युनियर कॉलेज नावापुरतं, खरा अभ्यास क्लासमध्ये. मग पत्र लिहिणार कोण? जे सर मुलीला हजेरीपटावरच्या नंबराने ओळखतात, ते फार तर ‘हुशार व शिस्तप्रिय’ एवढंच लिहितील, आणि असल्या पत्राचा काडीचा उपयोग नसतो. मुलगी अजून अकरावीत आहे, तेव्हा वेळ आहे. इंटिग्रेटेडच्या (कॉलेज नावाला, शिकवणी क्लासची) फंदात पडला नसाल तर प्रॅक्टिकलला प्रश्न विचारून भंडावून सोडणारी मुलगी म्हणून दोन शिक्षकांना ती माहीत झाली पाहिजे. अर्जासोबत शाळा-कॉलेजातल्या काउन्सेलरचाही (समुपदेशकाचा) एक फॉर्म असतो; काउन्सेलर नसेल तर तो प्राचार्य भरू शकतात. त्यांना आधीच भेटून ठेवा, ऐन ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्टीत धावाधाव नको.

निबंध लिहून देणारे आणि समाजसेवेची सर्टिफिकेटं जमवून देणारे एजंट तुम्हाला भेटतीलच. मुलाशी दहा मिनिटं बोललं की निबंध दुसऱ्याने लिहिलाय हे माझ्यासारख्यालाही कळतं. रोज अर्ज वाचणाऱ्यांना कळत नसेल का?

एसएटीचं म्हणाल तर बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत ती ऐच्छिक आहे. बोडिनने तर 1969 सालीच सक्ती काढली. तरी देऊन बघा. परदेशातल्या बोर्डाचे मार्क वाचणाऱ्याला चांगल्या स्कोअरचा आधार होतो, आणि मनासारखा आला नाही तर अशा ठिकाणी तो न पाठवण्याची मुभा आहेच. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षी प्रत्येक कॉलेजाच्या साइटवर स्वतः बघा.