इंग्रजीत 'हू', 'विच' आणि 'दॅट' नेमकं कुठे वापरायचं?

माणसांसाठी 'हू', वस्तूंसाठी 'विच' आणि दोन्हींकडे चालणारं 'दॅट', एवढं बहुतेकांना पाठ असतं. आपली गाडी अडते ती दुसरीकडेच.

मराठीत 'जो' आला की मागोमाग 'तो' येतो: 'जो मुलगा काल आला, तो माझा मित्र.' ही जोडी आपण नकळत इंग्रजीत नेतो आणि म्हणतो, 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय फ्रेंड.' इथला 'ही' काढा, स्वल्पविरामही काढा. 'द बुक विच आय बॉट इट' मधला 'इट'ही असाच आगंतुक. पुस्तकाची जागा 'विच'ने आधीच घेतली आहे, मग 'इट' कशाला? उलट इथे 'विच'सुद्धा गाळता येतं: 'द बुक आय बॉट'. 'हू केम' मधला 'हू' मात्र गाळता येत नाही, कारण तो 'केम'चा कर्ता आहे.

स्वल्पविराम दिसतो छोटा, पण अर्थ फिरवतो. 'माय ब्रदर हू टीचेस मॅथ्स' म्हणजे भाऊ एकाहून जास्त, त्यांतला गणित शिकवणारा. 'ब्रदर'नंतर स्वल्पविराम दिलात, तर भाऊ कोण ते ठरलेलंच आहे, गणिताचं आपलं जाता जाता सांगितलं. अशा स्वल्पविरामानंतर 'दॅट' चालत नाही.

'हूम', म्हणजे 'हू'चं 'ज्याला' या अर्थाचं रूप, बोलण्यातून जवळपास गेलंच आहे. 'टू', 'विथ' यांच्या लगेच पुढे मात्र तेच हवं. आणि 'हूज' निर्जीव वस्तूंनाही चालतं, बिनधास्त वापरा: 'अ हाउस हूज रूफ लीक्स'.